राजमाता इदियाचा हस्तिदंती मुखवटा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये, म्हणजे सगळे ज्याला नुसतं 'मेट' म्हणतात तिथे, आफ्रिकेतल्या कलेचं एक दालन आहे. त्यात काचेआड हस्तिदंताचा एक चेहरा ठेवलेला आहे. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा खरं तर ग्रीक पुतळे बघून बाहेरची वाट शोधत होते. वळणावर हा चेहरा दिसला आणि मी थांबले. त्यानंतर न्यू जर्सीतल्या आमच्या घरी जे जे पाहुणे आले, त्या सगळ्यांना तिथे घेऊन गेले. आई, सासूबाई, भाचे, शेजारच्या देशपांडे काकू, मराठी शाळेतली मुलं. प्रत्येक वेळी साधारण तेच प्रश्न विचारले जातात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहिते आहे.

हा मुखवटा नेमका कशाचा आहे आणि केवढा आहे?

हस्तिदंताचा. त्यात लोखंड आणि तांबं जडवलेलं आहे. उंची २३.८ सेंटिमीटर, म्हणजे आपली एक वीत. रुंदी त्याच्या साधारण निम्मी. फोटोत पाहून सगळ्यांना तो माणसाच्या चेहऱ्यापेक्षा मोठा वाटतो, आणि काचेसमोर आल्यावर पहिलं वाक्य हमखास 'एवढासाच?' असं येतं. तो सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. म्हणजे आपल्याकडे बहमनी राज्याची शकलं होऊन निजामशाही, आदिलशाही उभ्या राहत होत्या तो काळ.

हा चेहरा कुणाचा?

इदियाचा. ती आजच्या नायजेरियातल्या बेनिन राज्याचा राजा एसिगी याची आई. तिथे राजाला 'ओबा' म्हणतात आणि राजमातेला 'इयोबा'. हा इयोबा किताब बेनिनच्या इतिहासात पहिल्यांदा इदियालाच मिळाला. एसिगीने तो तिच्यासाठी निर्माण केला.

त्यामागची हकिकत अशी. पंधराव्या शतकाच्या शेवटी ओबा ओझोलुआ गेला आणि त्याच्या दोन मुलांत गादीवरून युद्ध पेटलं. एसिगी राजधानीत होता, त्याचा सावत्र भाऊ अर्हुआरन उदो या गावी ठाण मांडून होता. घरात भांडण लागलं की शेजारी सरसावतात, तसं उत्तरेच्या इगाला लोकांनी बेनिनचा उत्तरेकडचा मुलूख गिळायला सुरुवात केली. या दोन्ही संकटांत इदिया मुलाच्या मागे उभी राहिली. तिला औषधींचं आणि मंत्रविद्येचं ज्ञान होतं, तिने सैन्य उभं केलं, असं बेनिनची मौखिक परंपरा सांगते. युद्धावर गेलेली एकमेव स्त्री म्हणून एदो लोक आजही तिचं नाव घेतात. (एदो म्हणजे बेनिनचे मूळ लोक, आणि त्यांची भाषाही एदोच.)

'राजमाता' हा शब्द ऐकल्यावर आपल्या मनात दुसरं कुणाचं नाव येणारच नाही. माझ्या आईनेही काचेसमोर हात जोडले आणि म्हणाली, "म्हणजे ही त्यांची जिजाऊ." मी तिला अडवलं नाही. त्या एका शब्दाने आई इदियाच्या जितकी जवळ गेली, तितकी माहितीच्या पाटीने गेली नसती. पण एक मोठा फरक मात्र नंतर सांगितला, तो ऐकून ती गप्प झाली. बेनिनच्या परंपरेत राजाची आई आणि राजा यांनी एकत्र राहायचं नसे. इयोबाला किताब मिळाला की तिचा स्वतंत्र वाडा, राजधानीच्या वेशीबाहेर उसेलू इथे. तिचे स्वतःचे सरदार, स्वतःचे सेवक, राज्यकारभारात मोठा मान. पण मुलाशी बोलणं निरोप्यांमार्फत. मुलगा राजा झाला की आई अशी दूर जायची.

हे कळल्यावर हा मुखवटा वेगळा दिसायला लागतो. आई समोर नाही, म्हणून तिचा चेहरा अंगावर.

हा चेहऱ्यावर कसा बांधायचे? डोळ्यांना भोकंच नाहीत.

चेहऱ्यावर बांधायचेच नाहीत. आपल्या डोळ्यांसमोर जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यातली सोंगं असतात. तोंडावर चढवलं की माणूस देव होतो, राक्षस होतो. इदियाचा मुखवटा ओबा कमरेला किंवा गळ्यात लटकवत असे. वरच्या बाजूला आणि कडेला दोरी ओवायची जागा आहे. त्यामुळे 'मुखवटा' हा शब्द आपण सोयीने वापरतो. खरं तर हे एक मोठं पदक आहे.

मागची बाजू पोकळ आहे. कडेने छिद्रं आहेत आणि माथ्यावर बुचासारखा भाग आहे. अभ्यासकांचा अंदाज असा की त्या पोकळीत राजाचं रक्षण करणारी औषधी द्रव्यं भरलेली असावीत. म्हणजे दागिना आणि ताईत, दोन्ही एकाच वस्तूत. गळ्यात ताईत किंवा दंडाला गंडा बांधणाऱ्या कुणालाही हे दोनदा समजावून सांगावं लागत नाही.

कोणत्या सोहळ्यात घालत?

राजमातेच्या स्मरणार्थ होणाऱ्या विधींत हे घालत असावेत असं मानलं जातं. अलीकडच्या काळात एमोबो नावाच्या सोहळ्यात ओबा अशी हस्तिदंती पदकं कमरेला लावतो. वर्षाच्या मोठ्या विधींच्या शेवटी राज्यातल्या अनिष्ट शक्तींना बाहेर घालवायचा तो दिवस. 'इडा पीडा टळो' म्हणत आपण जे करतो, तीच भावना.

राजघराणं अजून आहे. बेनिन शहरात आज ओबा एवुआरे दुसरे गादीवर आहेत. विधीही होतात. त्यामुळे याला 'नामशेष संस्कृतीची वस्तू' म्हणू नका. ज्यांची ही वस्तू, त्यांचे वंशज आहेत, त्यांचा वाडा आहे, त्यांची पूजा चालू आहे.

समोर उभं राहिल्यावर काय पाहायचं?

या प्रश्नासाठी मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण घाईत आलेली माणसं पाटी वाचून, फोटो काढून पुढच्या दालनात जातात.

आधी समोरून बघू नका. बाजूला सरका आणि गालाची रेघ बघा. कपाळापासून हनुवटीपर्यंत कुठेही कोन नाही. हस्तिदंत इतका हळुवार घासला आहे की गालफडाखाली मांस आहे असं वाटतं. ओठ मिटलेले आहेत, पण घट्ट नाहीत. आता रंग बघा. हस्तिदंत पांढरा म्हणतो आपण, पण हा मधासारखा पिवळसर झालाय. त्याला झळाळी आहे, ती हाताळण्याने येते. जुन्या लाकडी झोपाळ्याची कडी धरायची जागा कशी गुळगुळीत होते, तशी.

मग डोळे. वरच्या पापण्या जड, नजर थोडी खाली. बुबुळांत लोखंड जडवलंय. आई चष्मा काढून काचेला इतकी जवळ गेली की काचेवर तिच्या श्वासाचा ठिपका उमटला. म्हणाली, "अगं, ही बघतेय." मी हो म्हटलं. हस्तिदंताच्या फिक्या रंगात ते दोन काळे बिंदू आहेत म्हणून त्या नजरेला वजन आलंय. तेवढे काढून टाकले तर चेहरा झोपी जाईल.

कपाळावर, दोन्ही भुवयांच्या मधल्या भागात दोन उभ्या पट्ट्या आहेत. तिथेही लोखंड होतं. यावरून एक लोककथा आहे. इदिया तरुण होती तेव्हा ओबा ओझोलुआची नजर तिच्यावर पडली. आईवडिलांना लेक राजवाड्यात द्यायची नव्हती. त्यांनी दैवी कौल घेतला आणि तिच्या कपाळावर दोन चिरे पाडून त्यांत औषध भरलं, राजाचं मन उडावं म्हणून. राजाने तरीही तिला नेलंच. कथा म्हणून ऐका. पण ती ऐकल्यावर त्या दोन पट्ट्यांवरून नजर हलत नाही, हे खरं. प्रत्येक डोळ्यावर बारीक उभ्या खुणाही कोरलेल्या दिसतील. त्या काळी बेनिनमध्ये अंगावर, चेहऱ्यावर अशा खुणा करून घेत.

हनुवटीखाली पोवळ्यांच्या माळांच्या ओळी आहेत. बेनिनच्या दरबारात पोवळं म्हणजे राजचिन्ह.

आणि शेवटी डोक्यावरचा मुकुट आणि गळ्याभोवतीची किनार. इथे गुडघ्यांत थोडं वाकावं लागतं. वाका.

त्या मुकुटात दाढीवाली छोटी तोंडं कुणाची आहेत?

पोर्तुगीजांची! लांब सरळ केस, दाढी. एका चेहऱ्याशेजारी एक मासा, परत चेहरा, परत मासा, अशी नक्षी आहे. हा आपल्याला परिचित शत्रू-मित्र. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला, १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला. त्याआधीच, १४८० च्या दशकात, आफ्रिकेचा किनारा धरून खाली सरकत असताना ते बेनिनला पोचले होते. गोव्याच्या देवळांचं काय झालं ते आपण जाणतो. बेनिनमध्ये मात्र गणित वेगळं होतं. तिथे राजा बलवान होता आणि व्यापार त्याच्या अटींवर चालला. पोर्तुगीज पितळेची कडी, पोवळी, कापड आणत आणि मिरी, हस्तिदंत, कापड आणि गुलामही नेत. एसिगीच्या लढायांत काही पोर्तुगीजांनी त्याची बाजूही घेतली.

पण राजमातेच्या डोक्यावर परदेशी व्यापाऱ्यांची तोंडं का? बेनिनमध्ये समुद्राचा, संपत्तीचा देव ओलोकुन. त्याचा रंग पांढरा. पांढरं म्हणजे शुद्ध, शुभ. हस्तिदंत पांढरा. आणि समुद्रापलीकडून, ओलोकुनच्या दिशेने, गोरी माणसं संपत्ती घेऊन आली. ती परलोकाच्या सीमेवरून आल्यासारखीच वाटली. माशाचंही तसंच. हा चिखलातला मासा पाण्यात जगतो आणि पाण्याबाहेरही तग धरतो. म्हणून तो राजाचं चिन्ह, अर्धा माणूस, अर्धा देव. दोन जगांत वावरणाऱ्या या दोघांची माळ त्या कारागिराने राजमातेच्या डोक्यावर गुंफली. एवढा मोठा विचार बोटाच्या पेराएवढ्या नक्षीत बसवलाय, आणि मला या मुखवट्यातलं सगळ्यात थक्क करणारं काम तेच वाटतं.

कोणी घडवला?

एका माणसाचं नाव आपल्याकडे नाही, पण त्याची पेठ माहीत आहे. बेनिनमध्ये हस्तिदंत आणि लाकूड कोरणाऱ्यांचा इग्बेसान्म्वान नावाचा संघ होता. पितळ ओतणाऱ्यांचा संघ वेगळा, त्यांची आळी म्हणजे इगुन. आपल्या तांबट आळीसारखं समजा. बेनिन शहरातल्या इगुन आळीत आजही पितळेचं ओतकाम चालतं. हे संघ राजासाठी काम करत आणि हुन्नर बापाकडून मुलाकडे जाई. हस्तिदंतावर राजाचा हक्क इतका, की शिकाऱ्याने हत्ती मारला तर एक सुळा ओबाला द्यावाच लागे.

'आदिवासी कला' असं लेबल अजूनही कुणी कुणी लावतं, तेव्हा मला वाईट वाटतं. हे एका राजधानीतल्या दरबारी कारागिराचं काम आहे. पैठणी विणणाऱ्याला जो मान आपण देतो, तो इथेही द्यायला हवा.

बेनिन म्हणजे आजचा बेनिन देश ना?

नाही. आजचा बेनिन देश पूर्वी दाहोमे होता, १९७५ साली त्याने नाव बदललं. इदियाचं बेनिन राज्य आजच्या नायजेरियात, एदो राज्यात येतं. बेनिन शहर हीच त्याची राजधानी.

हे जादूटोण्याचं आहे का? घरातले मोठे म्हणतात, असल्या वस्तूंकडे बघू नये.

आमच्याही घरी विचारलं गेलं. माझं उत्तर असं : आपल्या देव्हाऱ्यात चांदीचे टाक असतात. खंडोबाचे, कुलदेवीचे, आणि अनेक घरांत पूर्वजांचेही. त्यांना परक्या माणसाने 'जादूटोणा' म्हटलं तर आपल्याला कसं वाटेल? हा चेहरा पूर्वज असलेल्या आईचा आहे, मुलाच्या रक्षणासाठी केलेला. आदराने बघा, एवढंच.

मुलं घाबरत नाहीत. हा चेहरा शांत आहे.

पिकासोने पाहिलेले आफ्रिकी मुखवटे हेच का?

नाही. पिकासोने १९०७ च्या सुमारास पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयात लाकडी मुखवटे पाहिले आणि त्याची चित्रकला पालटली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पण आफ्रिका एक गाव नाही. शेकडो समाज, शेकडो शैली आहेत. आणि या वस्तू पिकासोला उपयोगी पडल्या म्हणून मोठ्या ठरत नाहीत, त्या आधीपासूनच मोठ्या होत्या.

मग हा न्यूयॉर्कमध्ये कसा पोचला?

लुटीतून. यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही.

१८९७ च्या जानेवारीत जेम्स फिलिप्स नावाचा ब्रिटिश अधिकारी आपली माणसं घेऊन बेनिनकडे निघाला. ब्रिटिशांना व्यापार मोकळा हवा होता, ओबा आडवा येत होता. वार्षिक विधी चालू आहेत, या काळात परक्यांना भेटता येत नाही, आत्ता येऊ नका, असे निरोप त्याला मिळाले होते. तो थांबला नाही. वाटेत बेनिनच्या सरदारांनी तुकडीवर हल्ला केला. तुकडीतले दोनच ब्रिटिश जिवंत परतले, आणि त्यांच्याबरोबरचे बरेच आफ्रिकी हमालही मारले गेले.

फेब्रुवारीत रिअर ॲडमिरल हॅरी रॉसन सुमारे १२०० सैनिक घेऊन आला. १८ फेब्रुवारी १८९७ रोजी बेनिन शहर पडलं. राजवाडा लुटला, नंतर शहराला आग लागली. हजारो वस्तू उचलल्या गेल्या : पितळी फलक, राजांची स्मारक-शिरं, कोरलेले सुळे. ओबा ओव्होनराम्वेनला कालाबारला हद्दपार केलं, तिथेच तो १९१४ साली वारला. मंडालेहून हद्दपार केलेला ब्रह्मदेशाचा थिबा राजा आपल्या रत्नागिरीत झुरत मेला, तो दोन वर्षांनी, १९१६ मध्ये. साम्राज्याची ही जुनी रीत.

इदियाचे हस्तिदंती चेहरे राजाच्या शयनगृहातल्या एका पेटीत सापडले, अशी नोंद आहे. त्यातले दोन त्या भागातला ब्रिटिश कॉन्सुल जनरल राल्फ मूर याने स्वतःकडे ठेवले. १९०९ मध्ये मूर वारल्यानंतर ते मानववंशशास्त्रज्ञ चार्ल्स सेलिगमन यांच्याकडे गेले. एक त्यांच्यामार्फत १९१० मध्ये ब्रिटिश म्युझियमला मिळाला. दुसरा सेलिगमन कुटुंबात राहिला आणि १९५८ मध्ये अमेरिकेतले धनाढ्य कलासंग्राहक नेल्सन रॉकफेलर यांनी घेतला. रॉकफेलर यांचा मुलगा मायकल १९६१ साली न्यू गिनीत बेपत्ता झाला. त्याच्या नावाचा संग्रह आणि दालन मेटमध्ये आहे, त्यातच हा मुखवटा आहे.

म्हणजे एका आईच्या आठवणीसाठी केलेली वस्तू आज एका मुलाच्या आठवणीच्या दालनात आहे. मला दर वेळी तिथे उभं राहताना हे आठवतं.

असे आणखी किती आहेत?

याच घडणीचे पाच मोजले जातात. मेटचा आणि ब्रिटिश म्युझियमचा हे सगळ्यात सुंदर, जवळजवळ जुळे. आणखी एक अमेरिकेत सिॲटलच्या कला संग्रहालयात, एक जर्मनीत श्टुटगार्टच्या लिंडेन म्युझियमच्या संग्रहातला. पाचवा ब्रिटनमध्ये खासगी मालकीचा. १८९७ च्या मोहिमेतला अधिकारी हेन्री गॉलवे, त्याच्या वारसांनी तो २०१० च्या डिसेंबरात लिलावात काढायचं ठरवलं. अपेक्षित किंमत ३५ ते ४५ लाख पौंड. नायजेरियातून आणि जगभरातून इतका संताप उसळला की काही दिवसांतच लिलाव मागे घ्यावा लागला.

नायजेरियाने हा मागितला नाही का?

मागितला. आणि तोही उसना!

१९७७ साली लागोसमध्ये फेस्टॅक नावाचा प्रचंड उत्सव झाला, साऱ्या आफ्रिकेचा आणि जगभरातल्या कृष्णवर्णीयांच्या कलांचा. त्याचं बोधचिन्ह म्हणून इदियाचा चेहरा निवडला होता. मूळ मुखवटा उत्सवापुरता द्या, अशी विनंती ब्रिटिश म्युझियमला केली. मुखवटा नाजूक आहे, प्रवास झेपणार नाही, असं कारण देऊन नकार आला. मग बेनिनच्याच कोरीव कारागिराने नवा मुखवटा घडवला. तो चेहरा कापडांवर, शिक्क्यांवर, पोस्टरांवर नायजेरियाभर पोचला. आज इदिया तिथल्या पोरासोरांना माहीत आहे, ती या उत्सवामुळे.

मग आता तरी परत का देत नाहीत?

हळूहळू हलतंय. बेनिनच्या बऱ्याच वस्तू गेल्या काही वर्षांत परत गेल्या. केंब्रिजच्या जीझस कॉलेजने २०२१ मध्ये पितळी कोंबडा दिला. त्याच वर्षी मेटने दोन पितळी फलक नायजेरियाला परत केले. २०२२ मध्ये जर्मनीने हजारावर वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली, अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने २९ वस्तू दिल्या. २०२५ मध्ये नेदरलँड्सने ११९ दिल्या. मात्र इदियाचा हा चेहरा अजून मेटमध्येच आहे, आणि लंडनचा लंडनमध्ये. ब्रिटिश म्युझियमला १९६३ च्या कायद्याने संग्रहातली वस्तू काढून द्यायला फार थोडी वाट ठेवली आहे, आणि तो कायदा बदलायची इच्छाशक्ती तिथल्या सरकारने दाखवलेली नाही.

नायजेरियातही मतभेद आहेत. परत आलेल्या वस्तू कुणी ठेवायच्या, राष्ट्रीय संग्रहालयाने की राजवाड्याने? २०२३ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने ओबा हेच मालक, असं जाहीर केलं. काही युरोपीय लोक याचं भांडवल करतात. माझं मत सरळ आहे : चोरीचा ऐवज परत करताना घरमालकाच्या भावकीत तंटा आहे का, हे बघायचं नसतं.

मराठी माणसाला हा विषय परका वाटू नये. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्यात आली, ती तीन वर्षांच्या बोलीवर, उसनी. रघूजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून राज्य सरकारला विकत घ्यावी लागली. साताऱ्याला वाघनखं बघायला लागलेली रांग ज्याने पाहिली, त्याला बेनिनमधल्या म्हाताऱ्या माणसाचा जीव कशात अडकलाय हे कळेल. तिथे तर इदिया उसनीही मिळाली नाही.

मग बघायला जावं की नाही? मनाला पटत नाही.

मी जाते. मुलांनाही नेते. पण पाटीवर जे दोन ओळींत लिहिलंय ते त्यांना पूर्ण सांगते, तिथेच, काचेसमोर उभं राहून. आमच्या मराठी शाळेतल्या एका सहावीतल्या मुलीने विचारलं, "मावशी, तिच्या गावातली मुलं हिला बघायला एवढ्या लांब येणार?" मला उत्तर सुचलं नाही. तिला म्हटलं, हा प्रश्न मोठी झाल्यावरही विसरू नकोस.

दालन कुठे आहे, तिकीट किती?

पत्ता फिफ्थ ॲव्हेन्यू, ८२ व्या रस्त्याजवळ. सबवेचं स्टेशन ८६ वा रस्ता, ४, ५, ६ नंबरच्या गाड्या. मुख्य दरवाजातून आत शिरलं की डाव्या हाताला ग्रीक-रोमन दालनं, ती ओलांडून मायकल रॉकफेलर विंग. नूतनीकरणासाठी ते अनेक वर्षं बंद होतं, ३१ मे २०२५ ला पुन्हा उघडलं. आता उजेड भरपूर आहे.

मोठ्यांना ३० डॉलर, ज्येष्ठांना २२, विद्यार्थ्यांना १७, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत. न्यूयॉर्क राज्यातले रहिवासी आणि न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कनेक्टिकटमधले विद्यार्थी यांनी हवी ती रक्कम द्यावी. ओळखपत्र न्यायला विसरू नका. बुधवारी बंद. शुक्रवार-शनिवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं, आणि शुक्रवारची संध्याकाळ मला सगळ्यात आवडते, शाळांच्या सहली नसतात.

फोटो काढता येतो का?

हो, फ्लॅश न लावता. आधी पाच मिनिटं नुसतं बघा.

लहान मुलांना कसं गुंतवायचं?

त्यांना कागद-पेन्सिल द्या आणि मुकुटातले मासे आणि माणसं मोजायला सांगा. मग एक मासा काढायला सांगा. माझ्या भाच्याने मासा काढता काढता स्वतःच शोधून काढलं की माशाच्या मिशा दोन्ही बाजूंना वळलेल्या आहेत. मग त्याच दालनातले बेनिनचे पितळी फलक दाखवा. त्यांच्यावर सैनिक, ढाली, घंटा, शिंगवाले वादक आहेत. मुलं तिथे अर्धा तास रमतात.

आम्ही लंडनला राहतो. तिथला कुठे बघायला मिळेल?

ब्रिटिश म्युझियमच्या तळघरात, २५ नंबरच्या आफ्रिका दालनात. प्रवेश मोफत. तिथल्या इदियाच्या मुकुटात मासे नाहीत, नुसतीच पोर्तुगीजांची तोंडं ओळीने आहेत, आणि गळ्याची किनार जाळीदार वेणीसारखी कोरलेली आहे. जवळच बेनिनचे पितळी फलक उभ्या दांड्यांवर रांगेत लावले आहेत. आई मागच्या उन्हाळ्यात मामेबहिणीकडे लंडनला गेली होती. रात्री तिचा फोन आला, "दुसरीलाही भेटून आले गं. हिच्याही डोळ्यांत लोखंड आहे."